प्रकल्प नोंदी : काळी एकचा भूप, २ए०३ चिपवर

४ जानेवारी

ठरलं ते असं : भूप रागातली नवी धून, केरव्याची साथ, लांबी तीन मिनिटांच्या आसपास. सगळं २ए०३ या एकाच चिपवर. रिकोहची ही चिप १९८३ च्या फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या गेम-यंत्रातली. दोन पल्स (चौकोनी लाट), एक ट्रायँगल (त्रिकोणी लाट), एक नॉइज (खरखर), एक डीपीसीएम (मुद्रित नमुना वाजवणारा), असे पाचच आवाज. जादा आवाजांच्या कार्ट्रिज-चिपा घ्यायच्या नाहीत, कारण मग साध्या यंत्रावर तुकडा वाजत नाही. साधन फॅमिट्रॅकर (या चिपसाठी ओळीओळीने संगीत लिहायचा विंडोज-प्रोग्रॅम), लिनक्सवर तो वाइनमधून चालतो.

लयीचं गणित आधी. चिपला सूचना सेकंदाला ६० वेळा जातात; त्या एकेका फेरीला या नोंदींत 'टिक' म्हटलंय. स्पीड ६, टेम्पो १५० ठेवला की एक ओळ ६ टिकची, म्हणजे ०.१ सेकंदाची. एका मात्रेला ४ ओळी दिल्या, की केरव्याच्या ८ मात्रा ३२ ओळींत बसतात आणि ६४ ओळींच्या पॅटर्नमध्ये दोन आवर्तनं. मिनिटाला १५० मात्रा. स्पीड ७ केला तर १२८.६, स्पीड ५ केला तर १८०. मधलं काही हवं असेल तर टेम्पोचा आकडा हलवावा लागतो, पण मग ओळी कधी ६ टिकच्या, कधी ७ च्या होतात आणि तबल्याला लंगडेपणा येतो. म्हणून १५० पक्कं. एकूण २८ पॅटर्न : १७९.२ सेकंद.

६ जानेवारी

सा कुठला धरायचा, हा आजचा सगळा दिवस. गळ्याचा किंवा बासरीचा प्रश्न इथे नाही. इथे पीरियडचा तक्ता पाहून सा ठरतो.

पल्स चॅनेलला स्वर हर्ट्झमध्ये सांगता येत नाही. ११ बिटांचा एक आकडा (पीरियड) द्यावा लागतो, आणि वारंवारता निघते १७८९७७३ ÷ (१६ × (आकडा + १)). ४४० हर्ट्झला २५३, २२० ला ५०७. आकडा दोन रजिस्टरांत (चिपमधल्या खान्यांत) विभागून जातो : खालचे ८ बिट एकात, वरचे ३ दुसऱ्यात. दुसऱ्या रजिस्टरात काहीही लिहिलं की लाटेचा फेज शून्यापासून सुरू होतो आणि 'टक्' असा आवाज येतो. नवा स्वर उचलताना तो कळत नाही. आंदोलन (स्वराचा बारीक कंप) चालू असताना आकडा २५५ आणि २५६ च्या मध्ये येजा करू लागला, की मात्र प्रत्येक ओलांडणीला टक्.

आपल्या कामाच्या पट्ट्यात धोक्याच्या सीमा चार, आकडे २५६, ५१२, ७६८ आणि १०२४ : म्हणजे सुमारे ४३६, २१८, १४५.५ आणि १०९ हर्ट्झ. पेटीच्या भाषेत पांढरी सहा ही सगळ्यांत वाईट पट्टी. तिचा आकडा २५३. आंदोलनाचा इफेक्ट ४३४ लावला (इफेक्ट क्रमांक ४, वेग ३, खोली ४) तर आकडा पाचेक एकक वर-खाली होतो आणि सेकंदाला पाच-सहा वेळा टकटक ऐकू येते. नवखे लोक हा आवाज स्पीकरचा समजून वायर तपासत बसतात.

आता भूप. सा रे ग प ध, वादी गंधार, संवादी धैवत. सा पांढरी एकवर घेतला तर धैवत पांढरी सहावर येतो, नेमका जिथे ठेहराव हवा तिथेच. पांढरी दोनवर घेतला तर पंचम तिथे येतो. काळी एक घेतली की आकडे असे पडतात :

सा ४०३, रे ३५९, ग ३१९, प २६८, ध २३९, तार सा २०१. मंद्र ध ४७९, मंद्र प ५३८.

पंचम सीमेपासून १२ घरं दूर, धैवत दुसऱ्या बाजूला १६ घरं दूर. ४३४ ला दोन्ही सुरक्षित. सीमा ओलांडावी लागते ती फक्त पंचमावरून धैवताला मींडेने जाताना, आणि मंद्रातही नेमकी त्याच जागी. काळी एक पक्की. फॅमिट्रॅकरमध्ये सप्तकाचे आकडे एकाने खाली असतात. ४४० हर्ट्झला तो ए-३ म्हणतो. मॉड्यूल (फॅमिट्रॅकरची गाण्याची फाइल) पाहून पेटीवर वाजवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

७ जानेवारी

गंधार. तक्त्यातले आकडे समान अंतराच्या सप्तकाचे, त्यामुळे ३१९ चा गंधार चढा लागतो. तंबोऱ्यासोबत तो बोचतोच. सा चे ४०३ म्हणजे प्रत्यक्षात २७६.९ हर्ट्झ, त्याच्या सव्वापट ३४६.१, आणि त्याला सर्वांत जवळचा आकडा ३२२. तीन एकक वाढवायचे. धैवत सा च्या ५/३ धरला तर २४१, म्हणजे दोन एकक. रिषभाला एक एकक कमी, ३५८. पंचम आहे तसा शुद्ध.

फॅमिट्रॅकरमध्ये हे दोन तऱ्हांनी जमतं. पी इफेक्ट (स्वर किंचित सरकवणारा, आकडे सोळाच्या मोजणीत) : मध्य पी८०, गंधारासाठी पी७डी, धैवतासाठी पी७ई, रिषभासाठी पी८१. अडचण अशी की पी इफेक्ट बदलेपर्यंत लागू राहतो. गंधारानंतर पी८० विसरला की पुढचा सगळा तुकडा उतरतो आणि कारण सापडायला वेळ जातो. दुसरी तऱ्हा : गंधारासाठी वेगळं वाद्य, त्याच्या पिच सिक्वेन्समध्ये पहिल्याच घरात ३ आणि पुढे शून्य. या सिक्वेन्समधला आकडा दर टिकला पीरियडमध्ये मिळवला जातो, म्हणून शून्य न लिहिता ३ चं पुनरावर्तन राहिलं तर स्वर घसरत जातो. धन आकडा म्हणजे स्वर खाली, हेही उलटं वाटतं. पी इफेक्टच ठेवला, कारण मॉड्यूल उघडणाऱ्याला तो डोळ्यांसमोर दिसतो. वाद्याच्या पोटात लपत नाही.

तंबोरा दुसऱ्या पल्सवर : मंद्र प ५३८, जोडीचे सा, खर्ज ८०६. प्रत्येक तार ८ ओळी, चार तारांत एक आवर्तन. आवाज ७ पासून २ पर्यंत उतरता. जोडीचे सा मुद्दाम ४०४ वर ठेवले. धुनीतल्या ४०३ शी त्यांचा फरक ०.६८ हर्ट्झचा, म्हणजे दीड सेकंदाला एक हेलकावा. दोन्ही पल्स अगदी एकाच आकड्यावर ठेवले तर फेजप्रमाणे सा कधी जाड, कधी पोकळ ऐकू येतो.

११ जानेवारी

डग्गा. ट्रायँगलला आवाजाची पातळी नाही. चालू किंवा बंद. पण डग्ग्याचा जीव मनगटाने सूर चढवण्यात असतो, आणि सूर चढवणं ट्रायँगलला छान जमतं. ट्रायँगल त्याच आकड्याला पल्सपेक्षा एक सप्तक खाली बोलतो (भाजक १६ ऐवजी ३२). ९० हर्ट्झला ६२०, १२० हर्ट्झला ४६५. वाद्याचा पिच सिक्वेन्स : −१९ असे आठ टिक, मग शून्य, १२ व्या टिकला बंद. एवढ्यात 'गे' तयार.

केरवा : धा गे ना ती । ना के धी ना. ओळी ०, ४, ८ … २८. डग्गा लागतो ०, ४ आणि २४ वर. २० वरचा 'के' बंद हाताचा, त्याला फक्त २ टिक, चढ नाही.

इथे एक गोष्ट आपोआप जुळून आली. ट्रायँगल एकच, आणि खर्जाचा आधारस्वरही त्यालाच द्यायचा. डग्गा आणि आधारस्वर एकमेकांना कापतात, ही या चिपवरची जुनीच कटकट. केरव्यात मात्र ओळ ८ ते १९ मध्ये (ना ती ना) डग्गा नसतोच. म्हणून आधाराचा सा ओळ ८ ला उचलायचा आणि १९ ला सोडायचा. खालीच्या जागी डग्गा गप्प आणि खर्ज भरलेला. ताल न मोजताही सम कळते. पाश्चात्त्य किक-बास पद्धतीत किक ३-४ टिक घेऊन लगेच बास परत आणतात. ती इथे करून पाहिली, पण डग्ग्याची आस तुटते.

मोबाइलच्या स्पीकरवर ९० हर्ट्झ येतच नाही, डग्गा गायब. उपाय : पहिली टिक एक सप्तक वर (आर्पेजिओ सिक्वेन्समध्ये १२, मग ०). थाप तेवढ्याने कळते.

१२ जानेवारी

चाटी. आधी नॉइज चॅनेलच्या आखूड मोडवर प्रयत्न. त्यात यादृच्छिक बिटांची साखळी ९३ पायऱ्यांत फिरते आणि धातूसारखा सूर निघतो. पीरियड ३२ ला हा सूर ६०१ हर्ट्झचा, १६ ला १२०३ चा. एकूण घरं सोळाच, त्यातलं एकही तार सा च्या ५५४ ला लागत नाही. त्याहून वाईट म्हणजे मोड बदलण्याच्या क्षणी साखळी कुठे होती त्यावर ती कधीकधी ९३ ऐवजी ३१ पायऱ्यांची होते आणि सूर तिपटीने वर उडतो. एका ऐकण्यात बरोबर, पुढच्यात नाही. अगदी सुरुवातीच्या फॅमिकॉममधल्या चिपमध्ये हा मोडच नव्हता. सोडून दिलं.

नॉइजकडे आता दोनच कामं : 'ती' साठी लांब मोडमधला २ टिकचा हलका स्पर्श, आणि दर चौथ्या आवर्तनाला झांज.

'ना' डीपीसीएमवर. चाटी काळी एकला लावून स्वतः ध्वनिमुद्रित केलेला एकच ठोका, ०.१२ सेकंद. सर्वांत वरचा दर ३३१४४ हर्ट्झ, दर पायरीला एक बिट, म्हणजे सेकंदाला ४१४३ बाइट. ०.१२ सेकंदाला ४९७ बाइट. नमुन्याची लांबी १६ च्या पटीत अधिक १ अशीच लागते. ४९७ नेमका त्यात बसतो. एका नमुन्याची कमाल ४०८१ बाइट, या दराला सेकंदभरही नाही.

बिघडतं ते इथे : हा आवाज प्रत्येक पायरीला फक्त २ ने वर किंवा खाली जाऊ शकतो. ० ते १२७ चढायला ६४ पायऱ्या, जवळजवळ २ मिलिसेकंद. म्हणजे पूर्ण उंचीची लाट २५९ हर्ट्झपर्यंतच. ५५४ हर्ट्झला उंची ४७ टक्के, ११०८ ला २३. पूर्ण आवाजात मुद्रित केलेला ठोका तसाच बदलला तर तो मागे पडत जातो आणि 'ना' चा 'थप्' होतो. म्हणून आधी ५ किलोहर्ट्झच्या वरचं कापलं, पातळी ८ डेसिबलने खाली आणली, मग रूपांतर. आवाज लहान वाटतो, पण सूर शाबूत राहतो.

१५ जानेवारी

डीपीसीएम आल्यापासून डग्गा कधी भरदार, कधी दबलेला. कारण चिपच्या आतलं मिश्रण. ट्रायँगल, नॉइज आणि डीपीसीएम एकाच मार्गाने बाहेर पडतात आणि तो मार्ग सरळ रेषेत बेरीज करत नाही. डीपीसीएमचा गणक (० ते १२७ मधला त्याचा चालू आकडा) जिथे थांबला असेल त्याप्रमाणे बाकीचे दोन दबतात. मिश्रणाच्या सूत्रात आकडे घालून पाहिले : गणक ० ला ट्रायँगल पूर्ण, ६४ ला सुमारे ४ डेसिबल कमी, १२७ ला सुमारे ७ डेसिबल कमी. नमुना संपताना गणक जिथे असेल तिथेच राहतो, पुढचा नमुना येईपर्यंत.

काही जण हाच गुण ट्रायँगलचा आवाज कमीजास्त करायला वापरतात. इथे उलट हवंय. उपाय असा :

गाण्याच्या पहिल्याच ओळीला झेड४० (गणक बसवणारा इफेक्ट, सोळाच्या मोजणीत ४०, म्हणजे ६४). एकदाच एक ठोकर बसते, तीही सुरुवातीच्या शांततेत. नमुना ६४ वरून सुरू होऊन ६४ वरच संपेल असे त्याचे शेवटचे बिट जुळवले. नमुना मध्येच कट करायचा नाही. दोन 'ना' मध्ये किमान ४ ओळी असल्याने ०.१२ सेकंद पुरे होतात. आता ट्रायँगल कायमचा ४ डेसिबल खाली, पण स्थिर. पल्सचे आवाज त्याला जुळवून १२ वरून ८ वर आणले. झेड०० ने दरवेळी शून्यावर आणायचा मार्गही पाहिला. प्रत्येक 'ना' नंतर फट् येतो.

१८ जानेवारी

मींड. ३ क्रमांकाचा इफेक्ट दर टिकला ठरावीक एकक सरकतो. ग ते प ५१ एकक. ३०५ दिला की ११ टिक, म्हणजे दोन ओळींच्या आत. तीच मींड मंद्रात १०२ एककांची होते, तिथे ३०९. एकच आकडा सगळीकडे वापरला तर तारसप्तकात मींड झटका होते आणि मंद्रात रेंगाळते.

प ते ध मधली टक् : ओलांडणी होते त्या टिकला नॉइजचा 'ती' ठेवला. ऐकू येत नाही. जिथे 'ती' ची जागा नाही तिथे मींड काढून धैवताला पंचमाचा कण दिला (एक टिक प, मग सरळ ध). हीच सीमा फेज न मोडता ओलांडायची एक युक्ती आहे, चिपच्या स्वीप यंत्रणेतून. फॅमिस्टुडिओ या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ती तयार मिळते.

२० जानेवारी

तिघांनी एका मॉड्यूलवर काम करण्याची पद्धत. मॉड्यूल फाइल बायनरी असते, दोघांचे बदल एकत्र शिवता येत नाहीत. म्हणून फाइल एका वेळी एकाच्याच हातात. नावात क्रमांक आणि तारीख. प्रत्येक फेरीला टेक्स्ट एक्सपोर्टही गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) टाकायचं, म्हणजे कोणत्या ओळीत काय बदललं ते दिसतं. वाद्यांचे क्रमांक वाटून घेतले : ०० ते ०९ धून, १० ते १९ तंबोरा, २० च्या पुढे तबला. न वापरलेली वाद्यं काढायची आज्ञा शेवटीच चालवावी. मध्ये चालवली तर क्रमांक वाटलेली पण अजून न वाजलेली वाद्यं उडतात.

२५ जानेवारी

नव्वदच्या दशकात आपल्याकडे 'टीव्ही गेम' म्हणून जी यंत्रं आली, ती बहुतांशी फॅमिकॉमच्या नकला. अशाच एका चालू यंत्रावर फ्लॅश कार्ट्रिज लावून तुकडा ऐकला. तीन फरक.

एक, लय पडली. ते यंत्र ५० हर्ट्झचं. १५० मात्रांच्या १२५ झाल्या. दोन, सगळं १६ सेंटनी (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलं, कारण घड्याळ १.७७३ मेगाहर्ट्झचं. पीरियडचे आकडे तेच असल्याने स्वरांचं आपसातलं नातं आणि सीमा दोन्ही जागच्या जागी. हे सोडून देता येतं. तीन, धुनीचा रंगच वेगळा. अशा अनेक नकलांत २५ आणि ५० टक्क्यांच्या ड्यूटीची (पल्सच्या लाटेचा किती भाग वर असतो, त्या प्रमाणाची) अदलाबदल झालेली असते : दोन बिटांच्या जागा उलट्या, म्हणून ०१ चं १० होतं.

तिसऱ्यावरचा उपाय सोपा निघाला. ०० आणि ११ उलटे केले तरी तेच राहतात. ७५ टक्के ड्यूटी कानाला २५ सारखीच लागते. म्हणून धून व्ही०१ वरून व्ही०३ वर (व्ही हा ड्यूटी निवडणारा इफेक्ट), तंबोरा व्ही०२ वरून व्ही०० (१२.५ टक्के) वर. आता दोन्ही यंत्रांवर रंग सारखा. तंबोरा १२.५ वर जास्त झणझणीत झाला, आणि तो तसाच हवा होता.

लयीसाठी दुसरी प्रत : इंजिनचा वेग ५० हर्ट्झ, स्पीड ५. ५ ÷ ५० सुद्धा ०.१ सेकंदच. पण वाद्यं टिकवर चालतात, त्यामुळे तीही बदलली. मींड ३०५ ची ३०६ (दोन्हीकडे सेकंदाला ३०० एकक), डग्ग्याची −१९ ची आठ घरं आता −२२ ची सात. आंदोलन ४३४ वरून ४४४.

युरोपातल्या अधिकृत पीएएल यंत्रासाठी प्रत केली नाही. तिथलं घड्याळ १.६६२ मेगाहर्ट्झ, तक्ता वेगळा, आणि पहिली सीमा ४०४ हर्ट्झला सरकते. काळी चारवर पडणारा आपला पंचम मग २४९ वर, सीमेला जवळजवळ खेटून. तिथे सा दुसरा धरावा लागेल.

३० जानेवारी

वाटायची पुडी तयार. त्यात एनएसएफच्या (यंत्रावर किंवा प्लेअरमध्ये वाजणाऱ्या फाइलीच्या) दोन प्रती (६० आणि ५०), मॉड्यूल, टेक्स्ट एक्सपोर्ट, फ्लॅक (ध्वनिमुद्रण) आणि 'ना' चा मूळ नमुना. मॉड्यूल उघडं देणं ही या संगीतातली जुनी रीत आहे. १९८७ च्या अमिगावरच्या अल्टिमेट साउंडट्रॅकरपासून गाण्याच्या फाइलमध्येच वाद्यं आणि ओळी दोन्ही असत, आणि लोक एकमेकांच्या फाइल उघडूनच शिकले. नुसतं ध्वनिमुद्रण दिलं तर वरचं गंधाराचं काम कुणाला दिसणार नाही.

एनएसएफच्या मथळ्यात नाव, कलाकार आणि हक्क यांना प्रत्येकी ३२ बाइट, त्यातला शेवटचा शून्य. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, काना-मात्रा वेगळ्या मोजून. म्हणजे दहा चिन्हांत जागा संपते, आणि बरेच प्लेअर तीही कचऱ्यासारखी दाखवतात. मथळ्यात रोमन लिपी, देवनागरी नाव सोबतच्या टिपेत. पुडीतल्या फाइलींची नावंही रोमनच.

फ्लॅक : दोन फेऱ्या, शेवटी ८ सेकंदांचा उतार, शिखर −१ डेसिबल. उतार फॅमिट्रॅकरमध्ये न करता ऑडॅसिटीत केला, कारण ट्रायँगलला उतार देताच येत नाही. बाकीचे विरतात आणि डग्गा एकटा मागे उरतो. लाटांचा व्हिडिओ करणाऱ्यांसाठी पाच चॅनेलांच्या पाच वेगळ्या वेव्ह फाइली; कॉर्स्कोपला त्या तशाच चालतात.

परवाना सीसी बाय-एसए ४.० (नाव देऊन आणि त्याच अटींवर कुणीही वापरावं). धून नवी बांधली ती यासाठीच. राग आणि ताल कुणाच्या मालकीचे नाहीत, पण बांधलेल्या चालीवर हक्क असतो, आणि भारतात तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. ठोका स्वतः मुद्रित केला, तोही याच कारणाने.

२ फेब्रुवारी

पुडी घेतलेल्यांपैकी दोघांनी कळवलं की १७ व्या पॅटर्नपासून धून उतरते. खरं आहे. १६ व्या पॅटर्नच्या ओळ ६० ला पी७डी आहे आणि पुढचा पी८० ओळ ६४ वर लिहायचा होता, जी ओळ नाहीच. पी८० आता १७ च्या ओळ ० ला. दोन्ही प्रती पुन्हा काढल्या, क्रमांक १.१. जुन्या पुडीवरून कुणी स्वतःची आवृत्ती सुरू केली असेल, तर त्यांनी पहिल्या पल्सच्या त्या एका घरात पी८० भरावं. बाकी काही बदललेलं नाही.